वाईटपणा घ्यायला कोणीतरी हवं

दुसऱ्याच्या कामातली चूक दिसायला आपल्याकडे कधी वेळ लागत नाही. वेळ लागतो ती सांगणारा माणूस सापडायला. पगारी कामात ही जबाबदारी साहेबावर असते, त्याचेच त्याला पैसे मिळतात. पण गणपती मंडळ, सोसायटीची कमिटी, हौशी नाटक अशा बिनपगारी कारभारात कोणी काही चुकवलं की सगळे आधी पंख्याकडे बघतात, मग एकमेकांकडे, आणि शेवटी वयाने मोठं कोणीतरी म्हणतं, "जाऊ द्या हो, बिचारा वेळ काढून करतोय." झालं. चूक कायम होते आणि दोन वर्षांनी तिला परंपरा म्हणतात.

ओपन सोर्स सॉफ्टवेअर हा असाच बिनपगारी कारभार, फक्त जगभर पसरलेला. कोणीही कोड लिहावा, कोणीही वापरावा, कोणीही बदल सुचवावा. आणि बदल चुकीचा असेल तर कोणी सांगावं? चेन्नईत हा प्रश्न जास्तच नाजूक होतो. इथल्या तमिळ मित्राला तुमच्या कोडमध्ये ढळढळीत घोडचूक दिसली तरी तो "परवायिल्लै सार" म्हणतो, म्हणजे असू दे, काही बिघडत नाही. आणि मराठी माणूस घरापासून हजारभर किलोमीटरवर राहत असल्यामुळे, जी चार मराठी डोकी आसपास आहेत त्यांच्याशी वाकडं कशाला घ्या, या विचाराने गप्प बसतो. परिणाम एकच. चुकीचा कोड सर्वानुमते आत.

यावर जगाने काढलेला तोडगा म्हणजे सीआय. लांब नाव कंटिन्युअस इंटिग्रेशन. कोणी बदल पाठवला की कुठलंतरी दूरचं यंत्र तो उचलतं, कोऱ्या मशीनवर पहिल्यापासून सगळं उभं करतं, नेमून दिलेल्या चाचण्या एकेक करून चालवतं आणि शेवटी हिरवी खूण नाहीतर लाल फुली मारून मोकळं होतं. ही फुली जगाला दिसते. यंत्राला ना लाज ना भीड. त्याला कोणाच्या मुलीच्या लग्नाला जायचं नसतं.

ही पद्धत रुजवणाऱ्या एका माणसाची गोष्ट मला फार जवळची वाटते. सन मायक्रोसिस्टिम्समधल्या कोहसुके कावागुची यांच्या कोडमुळे बिल्ड, म्हणजे सगळ्यांचा कोड एकत्र जोडायचं काम, मोडायचं आणि सहकाऱ्यांचा रोष ओढवायचा. तो ओढवण्याआधीच आपली चूक आपल्याला कळावी म्हणून त्यांनी २००४ च्या सुमारास हडसन नावाचा सर्व्हर लिहायला घेतला. पुढे ओरॅकलने सन विकत घेतली, नावाच्या मालकीवरून वाजलं आणि २०११ मध्ये बहुतेक मंडळी जेनकिन्स हे नवं नाव घेऊन वेगळी झाली. त्याच्या चिन्हात आजही काळा कोट घातलेला बटलर आहे. मला हे चित्र पटत नाही. बटलर मालकाला चहा आणून देतो. हा मालकालाच चारचौघांत नापास करतो.

आमची ओपन सोर्स लायब्ररी (कोडची, पुस्तकांची नव्हे) म्हणजे चेन्नईतले चार मराठी आणि त्यांच्या नादी लागलेले दोन तमिळ. गाव या नादाला वाईट नाही. इंडियन लिनक्स युजर्स ग्रुपची इथली शाखा आयआयटी मद्रासमध्ये वर्षानुवर्षं भरत आली आहे, सरकारी 'बॉस' लिनक्स इथल्याच सी-डॅकमध्ये घडलं, २०१९ चं पायकॉन इंडिया नंदंबाक्कमच्या ट्रेड सेंटरमध्ये झालं. ओएमआर या इथल्या आयटीवाल्या रस्त्यावर कुठल्याही सिग्नलला थांबलात तर आजूबाजूच्या चार स्कूटरींपैकी तिघींच्या सॅकमध्ये लॅपटॉप असतो आणि चौथीवर कॅनचं पाणी.

लायब्ररीचं काम ऐकायला सोपं आहे. आकडा द्या, मराठी शब्द घ्या. १५०० दिले की 'एक हजार पाचशे', आणि बोलीचा पर्याय निवडलात तर 'दीड हजार'. पावतीवर छापा, चेकवर छापा, पैसे नाहीत. तमिळसाठी ओपन-तमिळ नावाची पायथन लायब्ररी हे काम आधीपासून करते. तिच्यात आकडा अक्षरी करणारं फंक्शन आहे, आणि लाख-कोटींऐवजी मिलियन-बिलियनमध्ये हवा असेल तर त्याचं 'अमेरिकन' भावंडही आहे. आमच्यातल्या वेळचेरीच्या तमिळ मित्राने ही आम्हाला दाखवली, त्या क्षणी चार मराठी माणसांचा स्वाभिमान जागा झाला. आपल्याकडे बरीच कामं अशीच सुरू होतात.

सीआय लावायचं ठरलं तेव्हा आधी कुठे लावायचं यावर चर्चा झाली. बर्लिनमध्ये २०११ साली सुरू झालेलं ट्रॅव्हिस हे ओपन सोर्सवाल्यांचं जुनं अन्नछत्र. सगळं फुकट. मग २०१९ मध्ये कंपनी विकली गेली, २०२० च्या नोव्हेंबरात फुकट वापराला माप लागलं (फुकटच्या यंत्रांवर क्रिप्टोचं खाणकाम करणाऱ्या दीडशहाण्यांचाही त्याला हातभार होता) आणि २०२१ च्या जूनमध्ये ओपन सोर्सचं जुनं दार बंदच झालं. तोवर कोड ठेवायची जागा असलेल्या गिटहबने ॲक्शन्स नावाची स्वतःची सोय काढली होती. जगातल्या समस्त फुकट्यांनी बाडबिस्तरा उचलला आणि तिकडे मुक्काम हलवला. आम्हीही तिकडेच.

तिथे सगळी व्यवस्था एका यॅमल फाइलीत लिहून द्यायची असते. यॅमलला ओळ सरकवायला टॅब चालत नाही, स्पेसच लागते. एक स्पेस कमी पडली तर ते अर्थ बदलतं आणि वर तक्रारही करत नाही. लायब्ररी पायथनच्या कोणकोणत्या आवृत्त्यांवर तपासायची, ती यादी आमच्यातल्या दुसऱ्या तमिळाने, तांबरमच्या मुलाने, भरली: ३.८, ३.९, ३.१०. अवतरणचिन्हं न देता. यॅमलने ३.१० ला दशांश अपूर्णांक समजून शेवटचं शून्य निरर्थक म्हणून सोडून दिलं. पाचवीच्या बाईंनी आपल्याला हेच शिकवलेलं आहे, तेव्हा त्याला दोष देता येत नाही. मग ते यंत्र पायथन ३.१ शोधायला निघालं, म्हणजे २००९ सालची आवृत्ती, आणि अर्थातच हात हलवत परत आलं. ग्रुपवर निरोप पडला, "सार, बिल्ड रेड आयिडिच्चु," म्हणजे झालं लाल. आकड्यांचे शब्द करणाऱ्या लायब्ररीला पहिली लाल फुली मिळाली ती आकडा वाचण्यातल्या गोंधळापायी.

दुसरी फुली मात्र खास मराठी होती. नाशिकहून शोलिंगनल्लूरला आलेल्या मुलीने सत्तरच्या पुढच्या शब्दांच्या चाचण्या लिहिल्या. ७१ पास, ७२ पास, ७३ पास, ७४ नापास. पुढे ८४ नापास, ९४ नापास. यंत्राने कारण दिलं होतं:

अपेक्षित: चौऱ्याहत्तर
मिळालं: चौर्‍याहत्तर

आम्ही स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला. चष्मे काढून पाहिला, घालून पाहिला. दोन्हीकडे तेच होतं. यंत्र म्हणत होतं, तेच नाही.

गुन्हेगार त्या तिन्ही आकड्यांतला चंद्रकोरीसारखा अर्धा र. युनिकोडमध्ये 'ऱ' ला स्वतःची स्वतंत्र जागा आहे. पण तोच साधा र घेऊन खाली नुक्ता देऊनही करता येतो. आणि तिसरा मार्ग जुन्या कीबोर्डवाल्यांचा: र, पाय मोडायचा, आणि मागोमाग एक अदृश्य चिन्ह टाकायचं, ज्याचं काम फक्त जोडणं. कागदावर ही तिळी भावंडं. युनिकोडचा सामान्यीकरणाचा नियम पहिल्या दोघांना एकाच खात्यात टाकतो, तिसऱ्याला हात लावत नाही. आमची शब्दांची यादी अण्णानगरच्या एका काकांनी प्रेमाने टाइप केली होती, त्यांच्या जुन्या सवयीने. माणसाने ती तपासली असती तर 'बरोबर' म्हटलं असतं, आणि मग कोणीतरी कधीतरी 'चौऱ्याहत्तर' शोधायला गेलं असतं आणि डोळ्यांसमोर असलेला शब्द त्याला सापडला नसता. काकांना कोण सांगणार, हा नेहमीचा प्रश्न या वेळी आलाच नाही. "काका, यंत्र नाही म्हणतंय हो," एवढंच म्हटलं. काकांनी यंत्राला दोन शिव्या घातल्या आणि यादी दुरुस्त करून दिली. आमच्याशी बोलणं चालू आहे.

वेळचेरीच्या मित्राला मुळात एवढी यादी लागते हेच पटत नव्हतं. तमिळमध्ये एकवीस म्हणजे सरळ वीस आणि एक, त्रेपन्न म्हणजे पन्नास आणि तीन. "एकोणसाठमध्ये साठ कशाला आणता? तो अजून आलेलाच नाही," असं तो विचारतो आणि यावर पटेल असं उत्तर माझ्याजवळ नाही. त्याला मी २०१९ सालचा बालभारतीचा किस्सा सांगितला. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक', सत्त्याहत्तरला 'सत्तर सात' असं वाचायची सोय दिली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला, आणि विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'चं आता काय करायचं, इथपर्यंत विनोद कसे गेले. त्याचं म्हणणं, बालभारतीचं ऐकलं असतं तर तुमची लायब्ररी एका पानात बसली असती. खरं आहे. दशकांचे नऊ शब्द, एककांचे नऊ, वर अकरा ते एकोणीस, संपलं. पण मग त्याला नव्वद विचारलं. तमिळमध्ये नव्वद म्हणजे तोन्नूरु, आणि नूरु म्हणजे शंभर. नऊशे म्हणजे तोळ्ळायिरम, आणि आयिरम म्हणजे हजार. "शंभर कशाला आणता? ते अजून आलेलंच नाही," असं मी म्हणायच्या आत त्याने कॉफी मागवली.

तिसरा गोंधळ वेळेचा, तो थोडक्यात उरकतो. लायब्ररी घड्याळही शब्दांत सांगते. त्याची एक चाचणी चेन्नईत सगळ्यांच्या लॅपटॉपवर पास व्हायची आणि यंत्रावर बिनचूक साडेपाच तासांनी चुकायची, कारण यंत्र ग्रिनिचच्या वेळेवर जगतं. "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे आमच्या धंद्यातलं सर्वांत जुनं वाक्य इथे सर्वांनी एका सुरात म्हणून घेतलं. त्या दुरुस्तीपायी जगभरचे संगणक वापरतात ते टाइमझोनचं कोठार उघडलं, तर १९०६ च्या आधीच्या भारताच्या नोंदीत चक्क मद्रासची वेळ निघाली: ग्रिनिचच्या पुढे ५ तास २१ मिनिटं १० सेकंद. एके काळी देशभरच्या रेल्वे या वेळेवर धावत. तांबरमचा मुलगा दिवसभर ताठ मानेने फिरला. ही वेळही लायब्ररीने मराठीत सांगावी असा त्याचा आग्रह आहे, आणि ५ तास २१ मिनिटांना सव्वापाच म्हणायचं की कसं, यावर त्याच्याशी कोणी बोलत नाही.

आता कव्हरेज. चाचण्या चालताना कोडच्या किती ओळींवरून यंत्राचं पाऊल पडलं, त्याची टक्केवारी म्हणजे कव्हरेज. पाऊल न पडलेल्या ओळी अहवालात लाल रंगात दिसतात आणि टक्केवारीचा बिल्ला लायब्ररीच्या पहिल्या पानावर लटकतो. ज्या समाजात दहावीचे टक्के चाळिशीपर्यंत विचारले जातात, तिथे असा बिल्ला लावणं म्हणजे आगीत तेल. आम्ही ८३ वर होतो. ग्रुपवर कोणी काही बोललं नाही, पण त्या आठवड्यात प्रत्येकाने गुपचूप एकेक चाचणी पाठवली.

टक्के वाढवायच्या युक्त्या विद्यार्थ्यांना माहीत असतात तशा प्रोग्रॅमरनाही माहीत असतात. एखाद्या ओळीपुढे 'प्रॅग्मा, नो कव्हर' अशी टीप लिहिली की मोजणारा तिच्याकडे काणाडोळा करतो. कायदेशीर सोय आहे, अडचणीच्या जागांसाठी. आमच्याकडे 'पावणे' आणि 'सव्वा' यांचा अख्खा भाग अडचणीची जागा ठरला होता. उलटी गंमतही असते. तांबरमच्या मुलाने एकदा एक लांबलचक, पण पूर्ण तपासलेलं फंक्शन निम्म्यावर आणलं. सुंदर काम. यंत्राने लगेच लाल शेरा मारला: कव्हरेज घसरलं. तपासलेल्या ओळी कमी झाल्या, न तपासलेल्या होत्या तेवढ्याच राहिल्या, टक्के पडले. मुलाला वाटलं आपलं काही चुकलं, आणि त्याने शहाण्यासारखं ते काम मागे घेतलं.

आणि ती शंभर शब्दांची यादी? ती कितीही ओळींत पसरलेली असो, पायथनच्या हिशेबात ते एकच विधान. फाइल नुसती उघडली की त्यावरून पाऊल पडतं. एकही शब्द न तपासता सगळे शब्द 'कव्हर' होतात. काकांचा चौऱ्याहत्तर असाच कित्येक महिने त्या फाइलीच्या शंभर टक्क्यांच्या बुरख्याखाली सुखात होता.

शेवटी एके दिवशी लायब्ररीचं कव्हरेज शंभर झालं. बिल्ला गर्द हिरवा. नाशिकच्या मुलीने ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला, वेळचेरीच्या मित्राने मैसूरपाकाचा.

त्या वर्षी इथल्या एका गणेशोत्सवाच्या पावत्या आमच्या लायब्ररीने छापल्या. खजिनदार काकू साताऱ्याहून लग्न होऊन मद्रासला आल्या त्याला पुष्कळ वर्षं झाली. भाजी तमिळमध्ये घेतात, हिशेब मराठीत करतात. पहिल्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"काय रे, पंधराशेची पावती बघितलीस का? 'अक्षरी रुपये साडेएक हजार फक्त'. साडेएक म्हणजे काय? दीड मेलंय का?"

"काकू, शंभर टक्के कव्हरेज आहे."

"असू दे. दीड कुठंय?"

कोड उघडून पाहिला तर सगळं रीतसर होतं. अपूर्णांक अर्धा असेल तर पुढे 'साडे' लावा, मग पूर्णांकाचा शब्द. त्यामुळे साडेतीन बरोबर, साडेचार बरोबर, आणि त्याच न्यायाने साडेएक आणि साडेदोन. हा भाग कव्हर झाला होता का? दोन्ही आकडे देऊन झाला होता. फक्त चाचणी विचारत होती, 'उत्तर म्हणून मजकूर मिळाला ना?' मिळाला होता. 'साडेएक' हा मजकूरच आहे. चाचणी कोणी लिहिली हे बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटला विचारता येतं, नाव-तारखेसकट उत्तर मिळतं. आम्ही विचारलं नाही.

मार्गळीच्या महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, इथल्या सभांमध्ये कर्नाटक संगीत ऐकायला गेलात तर पुढच्या रांगेतले मामा मांडीवर ताल धरून बसलेले दिसतात. गाणारा समेवर एका मात्रेने चुकला तर हात थबकतो, मान वळते, आणि शब्दही न बोलता गायकाला कळायचं ते कळतं. सीआय म्हणजे हे मामा. पण तालाच्या मोजणीत काटेकोर असलेल्या मामांना राग कोणता चालू आहे हे कळतंच असं नाही, आणि कव्हरेज तर फक्त एवढंच सांगतं की मामा मैफलभर खुर्चीत होते. डबा खायला कॅन्टीनमध्ये गेले नव्हते.

याचा अर्थ टक्के निरुपयोगी, असं मी म्हणणार नाही. न चाललेल्या ओळीत काय दडलंय हे कोणालाच माहीत नसतं, आणि ते माहीत नसणं वाईटच. ज्यांना परवडतं ते फार पुढे जातात. आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये बसलेला एसक्यूलाइट हा डेटाबेस घ्या. २०२३ च्या ३.४२ आवृत्तीच्या वेळी त्याच्या मूळ कोडच्या सुमारे ५९० पट चाचण्यांचा कोड होता. काही जण कोडमध्ये मुद्दाम चुका पेरतात आणि चाचण्या बोंब मारतात का ते बघतात. दीड-अडीच दुरुस्त झाल्यावर आमच्यावर हा प्रयोग नाशिकच्या मुलीने करून पाहिला. 'अडीच'च्या जागी 'इडली' ठेवलं. सगळं हिरवं.

आता पाऊण ते दहापर्यंतचा प्रत्येक पाव भाग काकूंना फोनवर विचारून, त्यांच्या उत्तरासह चाचण्यांत लिहिला आहे. काकूंना आम्ही काय करतो ते अजून नीटसं उमगलेलं नाही, पण दुपारच्या झोपेनंतर त्या उपलब्ध असतात. 'सव्वाएक' म्हटलं तर चालेल का, या प्रश्नावर त्यांनी फोन ठेवला होता. त्याचीही चाचणी आहे.

सध्या ६७ अडलं आहे. अण्णानगरच्या काकांचं म्हणणं 'सदुसष्ट', नाशिकच्या मुलीच्या घरी 'सडुसष्ट'. दोघांनी आपापले बदल पाठवले आहेत, आणि दोघांनीही यादीतल्या शब्दासोबत चाचणीतलं उत्तरही बदललं आहे. त्यामुळे यंत्राने दोघांना हिरवी खूण दिली. कव्हरेज दोन्हीकडे शंभर. कोणतं आत घ्यायचं म्हणून ग्रुपवर मत मागितलं, तर सहाही जणांनी दोन्ही बदलांना अंगठा दिला. वेळचेरीच्या मित्राने खाली लिहिलं आहे, "परवायिल्लै सार."